निळ्यांच्या सुनंदाताई

राहनाळच्या गोडाउनमध्ये मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी सुनंदाताई गायकवाड एका जर्सीवरून मॅनेजरशी भांडत होत्या.

आमचं गोडाउन ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचं. लोकांनी परत पाठवलेला माल जिथे उघडून तपासतात, त्या रिटर्न विभागाच्या ताई प्रमुख होत्या. पन्नाशी ओलांडलेली ठेंगणी बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि आवाज असा की तीन रॅकपलीकडे उभ्या असलेल्या माणसाने दचकून "मी काय केलं?" असं विचारावं. त्या आवाजाचं कारण मला पुढे कळलं. ताईंचं घर कापड विणणाऱ्या, दिवसरात्र खडखडणाऱ्या लूमच्या कारखान्याला लागून होतं, मधे एकच भिंत. नवराही लूमवरच मेकॅनिक. "आमच्याकडे कुणी हळू बोललं तर आम्ही विचारतो, बरं वाटत नाय का?" असं त्या सांगायच्या.

तर ती जर्सी. इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबची, लाल रंगाची. नागपूरच्या कुणा गिऱ्हाइकाने परत पाठवली होती आणि कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'चुकीचा रंग'. मॅनेजर शिंदेसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. माल चांगला आहे, परत रॅकवर ठेवा आणि पुढचं पार्सल उघडा.

"साहेब, ह्या माणसाने निळी मागवली होती," ताई म्हणाल्या. "आपण लाल पाठवली. ह्याला चुकीचा रंग म्हणतात? उद्या तुमच्या लग्नात मांडवात दुसरीच नवरी आणून बसवली, तर काय 'चुकीची साइज' लिहून परत पाठवणार?"

"माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली, ताई."

"मग तर तुम्हाला समजायला पाहिजे."

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ताई स्वतः मागच्या शेडमध्ये गेल्या, शिडी लावून निळी जर्सी शोधून काढली आणि पॅक केली. आत एक चिठ्ठीही टाकली. चिठ्ठी मी वाचली होती, कारण टेप लावायला मला बोलावलं होतं. 'क्षमा असावी. तुमच्या घरात लाल रंग दोन दिवस राहिला, याचं मनापासून वाईट वाटतं. आपली, एक निळी.' असल्या चिठ्ठ्या टाकायला सक्त मनाई होती. आठवड्याभराने त्या गिऱ्हाइकाने कंपनीला लिहिलं की आजवर आलेल्या कुठल्याही पार्सलने त्याला इतकं समाधान दिलं नव्हतं, आणि चिठ्ठी त्याने फ्रेम करून लावली आहे. शिंदेसाहेबांनी ते पत्र नोटीस बोर्डावर लावलं आणि त्याच्याच खाली 'पार्सलमध्ये चिठ्ठ्या टाकू नयेत' अशी सूचनाही लावली.

हे लाल आणि निळे म्हणजे इंग्लंडमधल्या एकाच शहरातले दोन क्लब. त्यांची नावं मी इथे घेत नाही, ताईही घ्यायच्या नाहीत. नावं घेतली की माणसं ऐकायच्या आधीच भांडायला लागतात, असं त्यांचं मत. या दोन क्लबांमध्ये फार जुन्या काळापासून वर्षाला निदान दोन सामने होत आले, आणि त्या प्रत्येक सामन्याची नोंद ताईंच्या घरी सहा जाड रजिस्टरांत होती. कुठल्या मैदानावर झाला, गोल कुणी मारले, पाऊस होता की ऊन, पेनल्टी दिली ती खरी होती की रेफ्रीची मेहेरबानी. ताईंनी इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं. विमानात बसल्या नव्हत्या. फुटबॉलला पायही लावला नव्हता.

हे वेड आलं ते रद्दीतून. ताईंच्या वडिलांचं धामणकर नाक्याजवळ रद्दीचं दुकान होतं. सुनंदा दहावी नापास झाली तेव्हा वडिलांनी तिला रद्दीचे गठ्ठे बांधायला दुकानात बसवलं. एके दिवशी टेम्पोतून जहाजावरच्या कुणा इंजिनिअरच्या घरची रद्दी आली. त्यात फुटबॉलच्या इंग्रजी मासिकांचे ढीग होते. पहिल्याच मासिकात एक फोटो होता. चिखलाने भरलेलं मैदान, सगळे खेळाडू लांब कुठेतरी धुरकट, आणि निळ्यांचा गोलकीपर एकटा, कमरेवर हात ठेवून उभा.

"एवढा एकटा दिसला ना बिचारा," ताई सांगायच्या, "की म्हटलं, चला, आपण ह्याच्या बाजूने. दुसऱ्या पानावर लालवाल्यांचा कप घेऊन फोटो होता. त्यांच्या बाजूला आधीच पुष्कळ लोक होते."

त्या मासिकांत काय लिहिलंय ते कळावं म्हणून त्या इंग्रजी शिकल्या. वडील म्हणायचे, "वाच, पण वजनाच्या आधी परत ठेव." रद्दीतच त्यांना एक डिक्शनरीही सापडली. पण तिची सुरुवातीची पानं कुणीतरी फाडलेली होती. ए, बी आणि सी ही तीन अक्षरं गायब. डिक्शनरी थेट डी पासून सुरू. "त्यामुळे डी च्या पुढचं इंग्लिश माझं पक्कं आहे," ताई सांगायच्या, "आणि पहिल्या तीन अक्षरांचं अंदाजाने." या अंदाजाने काही गमतीही केल्या. 'अवे' म्हणजे दुसऱ्याच्या मैदानावर, हे त्यांना दोन वर्षं माहीत नव्हतं. त्यांची समजूत होती की अवे नावाचं कुठलंतरी गाव आहे, तिथलं हवामान वाईट आहे, आणि निळे तिथे गेले की हमखास हरतात.

पुढे लग्न झालं, मुलगी प्रज्ञा झाली, वडील गेले, दुकान गेलं, गोडाउनं आली. ताईंनी बाहेरून दहावी-बारावी केली, मग कॉम्प्युटरचा कोर्स केला. पॅकिंगपासून चढत चढत त्या विभागप्रमुख झाल्या. रजिस्टरं मात्र चालूच राहिली. एकदा त्यांनी मला घरी बोलावलं तेव्हा मी ती पाहिली. प्रत्येक पानावर आखलेले रकाने, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. मला वाटलं, त्यात खेळाबद्दलच काही असेल. वाचायला लागले तर लिहिलं होतं, 'प्रज्ञाला गोवर.' 'ह्यांच्या बोटाला लूमचा मार, चार टाके.' 'बाबा सकाळी गेले. निळे जिंकले. बाबांना सांगता आलं नाही.' 'लूम अठरा दिवस बंद.' 'गॅस आला.'

ताईंनी चहा ओतता ओतता म्हटलं, "डायरी लिहायला बसलं की माणूस स्वतःबद्दल खोटं लिहितो गं. इथे एवढीशी जागा आहे. खोटं मावत नाय."

गोडाउनमधल्या कामातही त्यांची हीच पद्धत. कुणी तक्रार घेऊन आलं की पहिला प्रश्न, "दुसऱ्याला विचारलंस?" पॅकिंगच्या सलमाचं आणि स्कॅनिंगच्या मंदाचं एकदा चांगलंच जुंपलं. ताईंनी दोघींना समोरासमोर उभं केलं आणि सलमाला मंदाची बाजू मांडायला लावली, मंदाला सलमाची. दोघी सुरुवातीला हट्टाने गप्प राहिल्या, मग बोलायला लागल्या आणि शेवटी हसायला लागल्या. "लालवाल्यांच्या पेपरात एक मॅच छापून येते आणि निळ्यांच्या पेपरात दुसरी," ताई मला म्हणाल्या. "मी दोन्ही वाचते. मग झाली असेल ती तिसरी."

एका बाबतीत मात्र त्या दुसरी बाजू ऐकून घ्यायला तयार नव्हत्या, आणि ती बाजू होती भोईरकाकांची.

आमचं गोडाउन ज्या जमिनीवर उभं होतं ती हरिश्चंद्र भोईरांची. काका अंजूरचे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात जाड साखळी आणि पायांत साधी रबरी चप्पल. आठवड्यातून एकदा ते गोडाउनवर चक्कर मारायचे. काम काही नसायचं. पूर्वी ह्याच जागेवर त्यांचं भाताचं शेत होतं, ते नुसते येऊन उभे राहायचे. एकदा त्यांनी ताईंना फोनवर मॅचचे गोल सांगताना ऐकलं आणि विचारलं, "कनची मॅच गो बाय?" ताईंनी लाल-निळ्यांचा सगळा इतिहास सांगितला. काकांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "मंग मी लाल."

"का?"

"तू निली हायस ना? मंग कोनीतरी लाल नको? येकट्यानं कसं खेलशील?"

त्या दिवसापासून भोईरकाका लालांचे कट्टर झाले. मोबाइलवर सगळं वाचून काढायला लागले. नातवाकडून इंग्रजीचं मराठी करून घ्यायचे. लाल जिंकले की सोमवारी सकाळी आमच्या विभागात पेढे यायचे, आणि ताईंनी ते खायचेच असा नियम होता. निळे जिंकले तर काकांनी दिवसभर निळी टोपी घालून अंजूरमध्ये फिरायचं. गावात लोक विचारायचे, "दादा, पार्टी बदलली काय?"

दोघांचा मोठा वाद होता तो धुक्यातल्या मॅचचा. ही मॅच फार जुनी, दोघांच्याही जन्माआधीची. ताईंच्या पहिल्या रजिस्टरात ती निळ्यांच्या विजयात धरली होती. दाट धुकं, निळे एका गोलने पुढे, आणि निळे जिंकले. काका म्हणायचे की मोबाइलवरच्या यादीत ही मॅचच नाही.

"मोबाइल काल आला," ताई म्हणायच्या. "मी ही नोंद पंधरा वर्षांची असताना केली."

"मॅच झालीच न्हाय ती!"

"झाली!"

"मंग यादीत का न्हाय?"

"यादी लालवाल्याने केली असेल!"

हा वाद तीन वर्षं चालला. जेवणाच्या सुट्टीत कुणाला कंटाळा आला की कुणीतरी नुसतं म्हणायचं, "आज धुकं पडलंय नाय?" आणि पुढची वीस मिनिटं करमणूक व्हायची.

मग एका हिवाळ्यात इंग्लंडहून एक साहेब पाहणीला आले. मोठं काम मिळायचं होतं. ते मिळालं तर रिटर्न विभाग दुप्पट होणार होता आणि वस्तीतल्या आणखी पंचवीस बायकांना काम लागणार होतं. शिंदेसाहेबांनी आठवडाभर आधीपासून फरशा पुसून घेतल्या. ताईंना बाजूला घेऊन हात जोडले आणि म्हणाले, "ताई, ते काय विचारतील तेवढंच सांगा. फुटबॉल नको."

"मी कशाला काढू फुटबॉल?" ताई म्हणाल्या.

फुटबॉल साहेबांनीच काढला. साठीचे, पांढऱ्या भुवयांचे, हसरे गृहस्थ. ताईंच्या टेबलावरची निळी किल्ल्यांची साखळी त्यांना दिसली. त्यांनी ती उचलली, तिच्यावरचं चिन्ह पाहिलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "अरेरे! आणि मला वाटलं होतं हे गोडाउन स्वच्छ आहे!"

साहेब त्याच शहरातले निघाले, आणि लाल.

ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मासिकांतून शिकलेल्या त्या जुन्या, खणखणीत इंग्रजीत, लूमवाल्या आवाजात त्यांनी विचारलं, "साहेब, गेल्या मॅचमधला तुमचा दुसरा गोल ऑफसाइड होता. मान्य आहे की नाही?"

शिंदेसाहेबांनी डोळे मिटले. पाहुण्या साहेबांनी ताईंसमोरची खुर्ची ओढली आणि बसले. पाहणी अर्ध्या तासाची होती, ती जेवणापर्यंत गेली. पार्सलं उघडताना, स्कॅन करताना, शिक्के मारताना ते ताईंच्या मागे मागे फिरत होते आणि दोघं एकेक मॅच काढत होते. आमच्या सगळ्या बायका कामं करत कान देऊन ऐकत होत्या. बहुतेकींना एक अक्षर कळत नव्हतं, पण ताई जिंकतायत एवढं कळत होतं.

आणि मग ताईंनी धुक्यातली मॅच काढली.

साहेब हसायचे थांबले. म्हणाले, "ती मॅच माझ्या आजोबांनी मैदानावर बसून पाहिली होती. ते तुमचे होते, निळे. आमच्या घरात दोन्ही रंग आहेत. धुकं इतकं वाढलं की रेफ्रीने खेळ मधेच थांबवून टाकला. आजोबांना वाटलं आपण जिंकलो, ते गाणी म्हणत घरी आले. सकाळी पेपर उघडला तर ती मॅच धरलीच नव्हती. मरेपर्यंत ते मात्र ती मॅच मोजत राहिले. तशी ती मोजणाऱ्या तुम्ही मला भेटलेल्या दुसऱ्या."

त्यांनी हे प्रेमाने सांगितलं होतं. पण ताईंचा चेहरा उतरला. त्यानंतर दिवसभर त्या कामापुरतंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब परत यायचे होते. त्या सकाळी ताई पहिलं रजिस्टर पिशवीत घालून आल्या. सोबत रद्दीतल्या त्या जुन्या मासिकांमधलं, धुक्यातल्या मॅचबद्दलचं एक कात्रण होतं. ते त्यांनी मला दाखवलं. एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती आणि बाजूला छोटंसं प्रश्नचिन्ह. शब्द होता 'अबॅन्डन्ड', म्हणजे मधेच सोडून दिलेली.

"ए पासून सुरू होतो," ताई म्हणाल्या. "माझ्या डिक्शनरीत नव्हता. अंदाजाने लिहिलं, जिंकले म्हणून. नंतर हा शब्द मला शंभरदा भेटला, त्याचा अर्थही माहीत झाला. पण ह्या कात्रणाकडे मी परत बघितलंच नाय. का नाय बघितलं सांगू? बघायचं नव्हतं."

मग त्यांनी फोन लावला. "भोईरदादा, सुनंदा बोलते. गोडाउनवर या. नाय, आत्ताच या. तोंडावर सांगायचंय."

काका रिक्षाने धावतपळत आले. त्यांना वाटलं, कुणाला काही झालं. साहेब, काका, शिंदेसाहेब आणि मी, एवढे ताईंच्या टेबलाभोवती उभे होतो. ताईंनी पट्टी ठेवली आणि त्या ओळीवर लाल पेनने सरळ रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'धुक्यामुळे मधेच थांबली. निकाल नाही. चूक माझी.' आणि खाली सही केली.

साहेब म्हणाले, "बाई, ठेवा हो ती मॅच. माझे आजोबा मोजत होतेच की."

"आजोबा तिथे थंडीत बसले होते," ताई म्हणाल्या. "त्यांना हक्क होता. मी नुसता कागद वाचत होते. मला कागदाला धरून चाललं पाहिजे."

सगळे काकांकडे बघायला लागले. तीन वर्षांनी त्यांची जीत झाली होती. काकांनी रजिस्टरातली ती रेघ दोनदा पाहिली आणि डोकं खाजवलं. "मना वाटलं व्हतं, लय मजा येल," ते म्हणाले. "न्हाय आली."

काम आम्हाला मिळालं. साहेबांनी जाताना शिंदेसाहेबांना सांगितलं की जी बाई स्वतःच्या क्लबच्या विरुद्ध नोंद दुरुस्त करते, तिच्या तपासलेल्या पार्सलबद्दल त्यांना शंका नाही. पंचवीस बायका आल्या. ताईंनी प्रत्येकीला पहिल्या दिवशी लाल आणि निळा रंग समजावून सांगितला.

ताईंच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना निळ्यांवर संकट आलं. ते इतके हरले, इतके हरले की सगळ्यात वरच्या लीगमधून खाली ढकलले जायची वेळ आली. खाली गेले तर पुढच्या वर्षी लालांशी त्यांची गाठच पडणार नव्हती. वाचायचं असेल तर शेवटची मॅच जिंकायला हवी होती, आणि ती होती लालांशीच. लालांना त्या मॅचचं काही पडलं नव्हतं. त्यांचं सगळं आधीच ठरलेलं होतं.

भोईरकाकांनी सगळ्यांना अंजूरला घरी बोलावलं. रविवारची संध्याकाळ. नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये भिंतभर टीव्ही, आणि काकांच्या पत्नी हिराकाकूंनी तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि कोळंबीचं कालवण केलं होतं. काका लाल शर्ट घालून सोफ्याच्या एका टोकाला आणि ताई सातवं रजिस्टर मांडीवर घेऊन दुसऱ्या टोकाला. ताईंचे यजमान मधे बसले. त्यांना लूममुळे ऐकू कमी येतं, म्हणून ती जागा त्यांना सोपी होती.

एक एक अशी बरोबरी झाली. निळ्यांना आणखी एक गोल हवा होता. थोडाच वेळ उरलेला असताना निळ्यांच्या एकाने चेंडू मारला, तो खांबाला लागून परत आला, आणि हॉलमध्ये कुणीतरी ओरडलं, "आरं मार की पुन्हा! आरं समोर हाय ना!"

ताई ओरडल्या नव्हत्या. त्या तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. ओरडले होते काका. लाल शर्ट घालून ते टीव्हीसमोर उभे होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पायाला मुंग्या आल्या," काका म्हणाले आणि खाली बसले.

दुसरा गोल झाला नाही. निळे खाली गेले. हिराकाकूंनी टीव्ही बंद केला. ताईंनी रजिस्टर उघडलं, निकाल लिहिला, शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि मग तसंच मिटून ठेवलं. चिडवायचं तर काकांच्या मनातच नव्हतं.

"आता पुडल्या वर्षाला मी कोनाशी भांडू?" ते म्हणाले.

ते वर्ष ताईंना जड गेलं. निवृत्ती त्याच वर्षी आली. प्रज्ञाला मुलगी झाली तीही त्याच वर्षी. नातीला घेऊन ताई गोडाउनवर आम्हाला भेटायला आल्या, त्या दिवशी काकाही चक्कर मारायला आले होते. ताई हसत होत्या, पण मधेच म्हणाल्या, "दादा, हिचा जन्म कुठे लिहू? मॅचच नाय, तर रकाना कुठला?"

काकांनी बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं. "बाय," ते म्हणाले, "माझ्या शेतावर गोडाउन झाला तवा मना पन असाच वाटलेला. आता पाऊस पडल तर कामाचा काय? पन पाऊस पडतंय. मॅच नसली तरी दिस जातंय ना? त्यो लिव."

ताईंनी घरी जाऊन एक कोरी ओळ आखली. तारखेच्या जागी तारीख, निकालाच्या जागी आडवी रेघ, आणि शेऱ्यात नातीचं वजन. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं. आवाज पूर्वीसारखाच मोठा होता. मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

आणि काका? त्या वर्षभर काका खालच्या लीगमधली निळ्यांची प्रत्येक मॅच बघत होते. ताईंना नातीमुळे सगळ्या बघता यायच्या नाहीत, तेव्हा काका फोन करून सांगायचे. "तुझं निलं जिंकलं. नवा पोरगा चांगला हाय, पन डाव्या पायानं मारत न्हाय." वर्षाअखेरीला निळे परत वर आले, तेव्हा अंजूरमध्ये पेढे काकांनी वाटले. गावकऱ्यांनी पुन्हा विचारलं, पार्टी बदलली काय? काका म्हणाले, "पार्टी तीच हाय. समोरचा उमेदवार परत आला."

गेल्या शनिवारी ती मॅच झाली, वर्षाच्या खंडानंतरची पहिली. संध्याकाळची. मी अंजूरला गेले होते. ताईंनी निळी साडी नेसली होती, नात मांडीवर होती, आणि मॅच सुरू व्हायच्या आधीच सोफ्याच्या कुठल्या टोकाला कोण बसणार यावरून दोघांचं वाजलं होतं. पंख्याखालची जागा दोघांनाही हवी होती. ताई म्हणत होत्या, पाहुण्यांचा मान. काका म्हणत होते, पाहुणा आठवड्याला तीनदा येत नसतो. ताईंचे यजमान ऐकू येत नसल्यासारखं करून पंख्याखाली जाऊन बसले. हिराकाकू कोळंबी सोलता सोलता हसत होत्या.

मला मॅच पूर्ण बघता आली नाही. मुलीला धामणकर नाक्यावरच्या क्लासमधून आणायचं होतं. निघाले तेव्हा शून्य शून्य होतं. ताईंनी वर न बघता हात हलवला; दुसऱ्या हाताने त्या नातीला टीव्हीवरचा कोणता माणूस आपला ते दाखवत होत्या. काका वाकून त्याच नातीला दुसरा माणूस दाखवत होते.

बाहेर शेअर रिक्षा उभी होती, पण तीन सीट भरल्याशिवाय ती हलणार नव्हती. मी बसून राहिले. पाचेक मिनिटं झाली असतील, तोच बंगल्यातून असा आरडाओरडा झाला की झाडावरचे कावळे उडाले. रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "क्या हुआ, मॅडम? झगडा?"

"गोल झाला," मी म्हटलं.

"किसका?"

मी कान देऊन ऐकलं. ताईंचा आवाज होता, काकांचा होता, आणि दोघांच्या मधून बाळाचं खिदळणं. कुणाचा गोल झाला ते काही कळेना. दोघंही सारखेच ओरडत होते.